सापडलेले देव आणि सांगणारी माणसे

दैवतकथांच्या अभ्यासकाला मुंबई हे शहर प्रथमदर्शनी फारसे आश्वासक वाटत नाही. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर ही नावे उच्चारताच एकेका स्थळामागची कथांची दाट परंपरा डोळ्यांपुढे उभी राहते. गिरगाव, परळ, लालबाग म्हटले की मात्र चाळी, गिरण्या, गणेशोत्सव आणि कामगार रंगभूमी आठवते. मुंबईला इतिहास आहे, पण पुराण नाही, असा समज आम्हां मराठीच्या अध्यापकांतही बराच रूढ आहे. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले तेव्हा त्यांचा असा समज नव्हता. गोद्या, रस्ते आणि शाळा यांच्याबरोबर देवळे आणि लोकसमजुतीही त्यांना वर्णनीय वाटल्या. पुढे मात्र या शहराचे लेखन होत गेले ते प्रामुख्याने त्याच्या आधुनिकतेचे, आणि बेटांच्या कथा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेवढ्या उरल्या.

या कथा एकत्र ठेवून पाहिल्या की त्यांतले साम्य चकित करणारे आहे. प्रभादेवीची मूर्ती आक्रमणाच्या भयाने विहिरीत लपवली गेली होती. देवीने एका पाठारे प्रभू गृहस्थाला स्वप्नात येऊन जागा सांगितली आणि १७१५ च्या सुमारास तिचे देऊळ उभे राहिले, अशी कथा आहे. महालक्ष्मीची कथा तिच्या सख्ख्या बहिणीसारखी आहे. वरळीच्या खाडीवर बांध घालण्याचे काम अठराव्या शतकात चालले होते. बांध वारंवार ढासळे. तेव्हा काम पाहणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंना देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या गेल्या आणि मग बांध टिकला. थोडे उत्तरेला, वांद्र्याच्या टेकडीवर, मोत माउलीचे चर्च आहे. तिथली मूर्ती समुद्रात तरंगताना सापडली आणि ती सापडणार असे एका कोळ्याला आधी स्वप्नात कळले होते, असे सांगतात. ८ सप्टेंबरच्या सणानंतर भरणाऱ्या तिथल्या जत्रेला हिंदूही मोठ्या संख्येने जातात.

देव पाण्यात हरवतो, स्वप्नात येतो आणि माणसाच्या हाती परत लागतो, असा हा सांगाडा आहे. मराठी वाचकाला तो नवा नाही. इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ख्रिस्ती परंपरेत तर या कथाप्रकाराला लॅटिन नावच आहे: 'इन्व्हेन्शिओ', म्हणजे सापडणे. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईला, हेलेनाला, जेरुसलेममध्ये येशूचा क्रूस सापडल्याची कथा हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

साम्य दाखवून थांबणे हा आम्हां शिकवणाऱ्यांचा जुना दोष आहे. फळ्यावर 'कथाबीज' असा शब्द लिहिला की तास संपल्यासारखे वाटते. परंतु ही कथा याच बेटांवर आणि याच काळात इतक्या जोमाने का सांगितली गेली, हा प्रश्न त्यानंतरच सुरू होतो. त्याचे एक उत्तर इतिहासात आहे. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. चर्चे उभी राहिली आणि बेटांवरील अनेक देवळे नाहीशी झाली. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्रजांना मिळाली आणि १६६८ मध्ये राजाने ती कंपनीच्या हवाली केली. कंपनीला बेटावर व्यापारी आणि कारागीर वसवायचे होते, त्यामुळे धर्माच्या बाबतीत तिने बरीच मोकळीक ठेवली. या मोकळिकीत देवळे पुन्हा उभी राहू लागली. वाळकेश्वराचे देऊळ आणि बाणगंगेचे तळे रामा कामत यांनी १७१५ मध्ये नव्याने बांधले. प्रभादेवीचे सालही साधारण तेच आहे.

मधल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या खंडाचे काय करायचे, हा प्रश्न त्या पिढीपुढे असणारच. नवे देऊळ बांधले तर ते नवेच. त्याला जुन्या दैवताचा अधिकार कुठून यावा? सापडण्याच्या कथेने हा पेच सोडवला. मूर्ती नष्ट झाली नव्हती, ती विहिरीत वाट पाहत होती, असे एकदा म्हटले की मधला काळ प्रतीक्षेचा होतो आणि परंपरा अखंड राहते. महालक्ष्मीच्या कथेत आणखी एक गोष्ट घडते. समुद्राकडून घेतलेल्या जमिनीला तिथे देवीची संमती मिळते. परशुरामाने बाण सोडून समुद्र हटवला आणि कोकण वसवले, या कथेच्या प्रदेशात असे व्हावे हे साहजिकच आहे.

आयर्लंडच्या पुराणस्थळांविषयी वाचताना आम्हांला हे वारंवार आठवते. किल्डेअर या गावी संत ब्रिजिडचा मठ होता. 'किल्डेअर' या नावाचा अर्थ 'ओकवृक्षाचे चर्च'. ब्रिजिड हे नाव ख्रिस्तपूर्व केल्टिक देवतेचेही होते आणि संत ब्रिजिडचा सण १ फेब्रुवारीला येतो, म्हणजे जुन्या केल्टिक वसंतारंभाच्या दिवशीच. मठासाठी जमीन मागितल्यावर राजा म्हणाला, तुझ्या अंगावरचा झगा झाकेल तेवढी घे. झगा पसरत पसरत मैलोगणती गेला, अशी कथा आहे. जमिनीचा हक्क सांगणारी ही कथा आपल्या महालक्ष्मीच्या कथेपासून फार दूर नाही. तिथल्या पवित्र विहिरींभोवती लोक सूर्याच्या गतीने, म्हणजे उजवीकडून, फेऱ्या घालतात. आपण त्याला प्रदक्षिणा म्हटले असते. इ.स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी याने इंग्लंडमधील आपल्या धर्मप्रचारकांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. देवळे पाडू नका, मूर्ती काढा आणि त्याच वास्तू चर्च म्हणून वापरा, असा त्याचा आशय. लोक ओळखीच्या जागी येतच राहतील, हे त्याला माहीत होते.

हे सारे वर्गात सांगत असताना परळच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे आजी सांगते ते खोटं आहे का?" पुस्तकी उत्तर आमच्यापाशी तयार होते: दंतकथेला खरेखोटेपणाची कसोटी लावायची नसते, तिचे कार्य पाहायचे असते. ते उत्तर चुकीचे नाही. पण त्यात आजी कुठेच नव्हती. कार्य कथेचे, अर्थ अभ्यासकाचा, आणि सांगणारी केवळ वाहक, असा तो हिशेब होता. त्या मुलीचा प्रश्न कथेविषयी नसून आजीच्या शब्दाला किती किंमत द्यायची याविषयी होता.

या प्रश्नाचा विचार करायला परळइतकी योग्य जागा दुसरी नाही. १९३१ मध्ये परळहून शिवडीकडे रस्ता काढत असताना जमिनीतून एक अखंड पाषाणशिल्प निघाले. साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचे, फिकट पांढऱ्या दगडाचे. मधोमध उभा शिव, त्याच्यातून वर उमललेला दुसरा, त्याच्याही वर तिसरा. दोन्ही बाजूंना आणखी चार आकृती आणि पायाशी वाद्ये घेतलेले गण. अभ्यासक ते पाचव्या-सहाव्या शतकातले मानतात, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांना जवळच्या काळातले. कुणाच्या स्वप्नात न येता, पहारीच्या घावाखाली सापडलेला हा देव. त्याची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात, पूजेत आहे. १९८५ मध्ये त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला.

म्हणजे नक्कल संग्रहालयात आणि अस्सल वस्तीत. हा उलटा न्याय आम्हांला फार मोलाचा वाटतो. मंदिराचे नाव ऐकून मनात बाराचा आकडा येतो, शिल्पात आकृती सात. नाव देवीचे, रूप शिवाचे. कलेतिहासाच्या दृष्टीने हा घोटाळा असेल. पण ज्यांनी शिल्पाला आपल्या देवळात जागा दिली, त्यांनी ते वस्तू म्हणून घेतले नाही, दैवत म्हणून घेतले, आणि म्हणून ते आज परळमध्ये आहे.

याच परळमध्ये उलट उदाहरणही आहे. आज जिथे हाफकिन संस्था आहे ती वास्तू मुळात पोर्तुगीज काळातला ख्रिस्ती मठ. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती ताब्यात घेतली. पुढे ती गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि चॅपेलमध्ये मेजवानीची व नाचाची दालने आली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९९ मध्ये, वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा तिथे आली. मठाआधी त्या जागी परळी वैजनाथाचे देऊळ होते आणि त्यावरूनच परळ हे नाव पडले, असे एक मत आहे; परळ नावाच्या झाडाकडे बोट दाखवणारी दुसरी व्युत्पत्तीही आहे. भिंती टिकल्या, पण तिथे प्रार्थना करणारे लोक उरले नाहीत. त्या चॅपेलच्या संताची एकही कथा परळमध्ये आमच्या कानावर आलेली नाही. दादरला नेमके याच्या विरुद्ध घडले. १५९६ मध्ये स्थापन झालेल्या साल्व्हासांव चर्चची जुनी इमारत गेली आणि १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार संपूर्ण नवी वास्तू झाली. तरी बसमधला प्रवासी आजही 'पोर्तुगीज चर्च'चेच तिकीट मागतो, आणि तिथली उपासना चालूच आहे.

दगड एकट्याने स्थळ टिकवू शकत नाहीत; रोज जाणारी-येणारी, नाव घेणारी, मुलाला हाताला धरून नेणारी माणसे लागतात. आमची खरी चिंता इथे आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि परळ-लालबागच्या चाळींतली कुटुंबे बदलापूर, विरार, डोंबिवलीकडे पांगली. आमच्या वर्गात तीस वर्षांपूर्वी स्थानिक मुले बहुसंख्य असत. आता पहाटेची लोकल पकडून येणारी अधिक असतात. मूर्ती हलवायची म्हटली तर मोर्चा निघेल. सांगणारी म्हातारी माणसे हलतात तेव्हा कुणालाच काही कळत नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही अखेर असे सांगितले की आजी साक्षीदार आहे. साक्षीदाराचे म्हणणे तपासता येते, इतर साक्षींशी ताडून पाहता येते, पण त्याचे नाव खोडून केवळ जबानी ठेवून घेता येत नाही. दामोदर कोसंबी पुण्याच्या परिसरातली मातृदेवतांची ठाणी शोधत पायी हिंडले, तिथल्या माणसांना विचारत राहिले. राजवाड्यांनी महिकावतीची बखर १९२४ मध्ये छापली म्हणून उत्तर कोकणाची एक जुनी सांगी आपल्या हाती आली. त्या तोलाचे काम आमच्याकडून होणार नाही. पण एम.ए.च्या लोकसाहित्याच्या प्रकल्पात आम्ही आता एक अट घातली आहे. प्रत्येकाने आपल्या घरातल्या वा शेजारच्या एका वृद्ध माणसाकडून एका स्थळाची कथा घ्यायची, त्यांच्याच बोलीत लिहायची, कथा कुणाकडून ऐकली होती हेही विचारायचे, आणि शुद्धलेखनाच्या नावाखाली एकही शब्द बदलायचा नाही. पहिल्या खेपेला आलेल्या वह्यांत प्रभादेवीच्या कथेचे तीन पाठ आहेत. तिन्हींत विहीर आहे. देवी स्वप्नात नेमके काय बोलली, ते मात्र तिन्हींत वेगवेगळे आहे.