वैलावरचे वरण

बार्शीटाकळी, जि. अकोला

चि. सौ. बाईस,



न्यू जर्सीहून आलेल्या पत्रात दोन विधाने आहेत आणि त्या दोन्हींचा विचार वेगवेगळा करणे भाग आहे. पहिले असे की, नव्याने घेतलेल्या स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर तापणाऱ्या आणि अन्न उकळीच्या जरा खालीच ठेवून सात-आठ तास शिजविणाऱ्या जाड, झाकणबंद भांड्यात, सकाळी सगळे जिन्नस घालून कामावर गेले की संध्याकाळी जेवण तयार मिळते, आणि सुटीच्या दिवशी झाकणाचे कॅसरोल ओव्हनमध्ये सरकवून दिले की त्याही वेळचा प्रश्न मिटतो. यात आनंदच आहे. दुसरे विधान मात्र मावशीला मुळीच पटलेले नाही. वऱ्हाडात असले काही नव्हते, तिकडे सगळा भडक्या जाळाचा आणि तिखटाचा स्वयंपाक, म्हणून संक्रांतीला येताना मावशीसाठी एक भांडे आणावे, असे जिने लिहिले तिचे लहानपण पऱ्हाट्यांच्या चुलीशेजारी गेलेले आहे आणि त्या चुलीच्या वैलावरचे वरण तिने वाटी पुढे करकरून मागितलेले आहे, हे इतक्या लवकर विसरले जावे याचे वाईट वाटते.

वैल म्हणजे चुलीच्या मुख्य तोंडाला जोडून त्याच मातीने घडविलेले दुसरे तोंड. त्याच्याखाली वेगळे सरपण घालीत नाहीत. चुलीतला जाळ आणि तापलेली हवा मधल्या भोकातून तिकडे वळते आणि भाकरीसाठी पेटविलेल्या विस्तवातून जे उरते त्यावर तेथले भांडे रटरटत राहते. तुरीची डाळ आधी चुलीच्या मुख्य तोंडावर खळखळून उकळली जाई, वर आलेला फेस काढला जाई, हळद आणि तेलाचा थेंब पडे, आणि मगच भांडे वैलावर सरके. त्यावर पितळी झाकणी असे आणि झाकणीत पाणी असे. त्या पाण्यामुळे झाकणी थंड राहून आतली वाफ तिला लागताच पुन्हा थेंबांनी डाळीत पडे, आणि वरण आटू लागले तर तेच कोमट झालेले पाणी त्यात ओतता येई. काचेच्या झाकणावर आतून जमणारे जे थेंब पाहून बाईने इतके कौतुकाने लिहिले आहे, ते या झाकणीखाली पिढ्यानपिढ्या जमत आले आहेत. डाळ शिजल्याचे तिच्या वासावरूनच ओटीवर कळे, आणि दादा तेवढ्यासाठी हिशेबाची वही मिटून आत येत, हेही बाईस आठवत असेल.

जाळ आणि धग यांतला भेद वऱ्हाडाला सरपणानेच शिकविला. कापूस वेचून झाल्यावर उपटलेली पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते, तुराटीचेही तसेच. बाभळीचे लाकूड निखारा धरून ठेवते, आणि गोवरी तर ज्वाळेसाठी नसून धगीसाठीच असते. भाकरीला जाळ हवा, वरणाला, ज्वारीच्या कण्यांना आणि दूध आटवायला धग हवी, एवढे ज्ञान घरातल्या लहान मुलीलाही असे. रोडग्यांचे तर सगळे शास्त्रच धगीचे आहे. गव्हाचे जाडसर पीठ ओवा, हळद आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळायचे, लहान गोळीवर एकेक पारी चढवीत मोठा गोळा करायचा, गोवऱ्यांचा जगरा, म्हणजे ज्वाळा विझून नुसती धग उरलेला ढीग, पसरायचा, गोळे फिरवून चहूबाजूंनी भाजायचे आणि अखेरीस वरून गरम राख ओढून सोडून द्यायचे. राखेतून उष्णता सहजी बाहेर पडत नाही, म्हणून आतला पापुद्रा न् पापुद्रा त्या कोंडलेल्या धगीवर शिजतो. एकनाथांच्या भारुडात भवानीला नवस बोलला जातो तो याच रोडग्याचा. मळ्यातल्या त्या दिवशी राख फार लवकर ओढली गेली, रोडगे आतून पिठूळ राहिले आणि बोल भलत्याच व्यक्तीला लागला, तो विषय येथे पुन्हा काढण्याचे कारण नाही. पण आधी निखारा आणि मग राख हा क्रम त्या दिवशी सगळ्यांनाच समजला होता.

धूर मात्र होता, आणि तो नाकारून चुलीचे गोडवे गाणे हा अन्याय होईल. ताईच्या डोळ्यांचे काय झाले ते बाईस सांगायला नको. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गावोगावी सिलिंडर पोचू लागले, याचे मोल ज्यांनी फुंकणी फुंकून डोळे लाल करून घेतले त्यांनाच ठाऊक. चूल परत यावी असे कोणाचेही म्हणणे नाही. म्हणणे एवढेच आहे की चूल जाताना वैलही गेला, आणि त्याच्याबरोबर उरलेल्या विस्तवाचा उपयोग करण्याची बुद्धीही गेली. आता प्रेशर कुकर शिट्या मारतो, शिट्या संपल्या की कोणी तरी झाकण ओढण्याची घाई करते, आणि आतल्या दाबाला व वाफेला जे काम अजून दहा-पंधरा मिनिटे फुकट करता आले असते ते तसेच वाया जाते.

ज्या यंत्राचे बाईला एवढे अप्रूप वाटते, त्याचा उगमही उरलेल्या विस्तवातच आहे. इरव्हिंग नॅक्सन या शिकागोतील संशोधकाला त्याचे एकस्व, म्हणजे शोधावरील कायदेशीर हक्क, १९४० साली मिळाले. त्याची आई मूळची आज लिथुआनियात असलेल्या विल्ना शहराकडची. तिकडच्या ज्यू कुटुंबांत शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी विस्तव पेटविणे धर्माने निषिद्ध असल्यामुळे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, घेवड्याचे दाणे आणि जव यांनी भरलेली भांडी पावभट्टीत नेऊन ठेवीत. भट्टी विझत विझत थंड होई, तिच्या त्या धगीवर 'चोलेंट' नावाचे हे कालवण रात्रभर शिजे, आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण मिळे. आईने सांगितलेली ही हकीकत नॅक्सनने विजेच्या तारेत गुंडाळली. १९७० साली रायव्हल या कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ते भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आले. विल्न्याची भट्टी आणि बार्शीटाकळीचा वैल यांत मग कोणता मोठा फरक राहिला? बरे, इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. रमजानात गहू, डाळी आणि मांस तासन् तास मंद आचेवर ठेवून घोटलेले हलीम याच मुलखातल्या मुस्लिम घरांत होते, आणि कोणे एके काळी शेजारून आलेल्या त्या वाडग्याची वाट कोण पाहत बसे, हे सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या देशातल्या माणसांनीही यावर डोके चालविलेले आहे. कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली 'इकमिक कुकर' काढला. त्यात एकावर एक डबे रचून तळाशी कोळशाची लहान शेगडी ठेवीत आणि वाफेवर भात, डाळ, भाजी सारे एकदम होई. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने तीच वाट पुढे नेऊन उसाच्या पाचटापासून केलेल्या कांडी-कोळशावर चालणारा 'सराई' कुकर तयार केला, ज्यात सुमारे १०० ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो; पाचटाच्या कोळशाच्या कामासाठी या संस्थेला २००२ साली अॅश्डेन पुरस्कारही मिळाला. अशी भांडी प्रत्येक घरात जायला हवी होती, शाळांतून मुलींना आणि मुलग्यांनाही दाखवायला हवी होती, आणि ज्या घरांत ओट्यावर रोज दोन बर्नर तासभर जळतात तेथे तर आधी जायला हवी होती. हे मावशीचे जुनेच पालुपद आहे आणि पत्राला उत्तर म्हणून ते अंमळ लांबले. पण ते खोटे नाही.

आता खरी काळजी. बाईने लिहिले आहे की राजमा रात्री भिजवून सकाळी तसाच त्या भांड्यात घातला जातो आणि आच 'लो'वर ठेवली जाते. हे आजपासून बंद झाले पाहिजे. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. ते नीट नष्ट न झालेले चार-पाच दाणेही पोटात गेले तर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. शंभर अंशांच्या खळखळत्या उकळीत ते दहा मिनिटांत मोडते, पण ऐंशी अंशांच्या आसपास नुसते गरम राहिले तर त्याचा जोर कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकतो, आणि मंद आचेचे भांडे नेमके त्याच पायरीवर फार वेळ रेंगाळते. दाणा मऊ झाला म्हणजे विष गेले असे समजू नये. किमान पाच तास भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात गॅसवर, खात्रीसाठी, अर्धा तास खळखळून उकळावे आणि त्यानंतरच भांड्यात घालावे. डब्यातला राजमा आधीच शिजविलेला असतो, त्याला ही भीती नाही. चुलीवर उकळी आल्यावाचून डाळ वैलावर सरकत नसे, ते उगाच नव्हते. आणि तुरीच्या डाळीत राजम्याइतके भय नसूनही तो क्रम कधी मोडला गेला नाही.

हाच क्रम चवीलाही लागू आहे. कांदा, सुके खोबरे आणि मसाला तपकिरी होण्यासाठी जी भाजणी लागते ती पाण्यात आणि शंभर अंशांखाली होतच नाही. म्हणून सगळे कच्चेच भांड्यात लोटले तर रस्सा फिकट, पाणचट आणि कांद्याच्या उग्र वासाचा होतो, आणि वऱ्हाडी तर्री त्यात कधीही येत नाही. मसाला आधी तव्यावर भाजून, वाटून, तेल सुटेपर्यंत परतावा आणि मग मटणावर घालावा. मटणाला मात्र ही मंद आच फार मानवते, कारण हाडाजवळच्या चिवट तंतूंतले कोलॅजन हे प्रथिन सत्तर-ऐंशी अंशांवर सावकाश विरघळून रश्श्याला अंगचा दाटपणा देते. चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यावरच घालावेत, कारण आंबटामुळे दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. वांगी या भांड्यात घालू नयेत. त्यांचा लगदा होतो. कॅसरोलसाठी ओव्हन तापतोच तर त्याच वेळी खालच्या खणात रोडगे भाजावेत, ओव्हन थोडा आधी बंद करावा आणि दार न उघडता उरलेल्या धगीवर ते होऊ द्यावेत. जगऱ्याचा वास येणार नाही, पण पापुद्रे सुटतील.

भांडे बार्शीटाकळीला आणण्याचा बेत कृपा करून सोडावा. अमेरिकेतली घरगुती वीज १२० व्होल्टची आणि येथली २३० व्होल्टची. तारेत निर्माण होणारी उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तिकडे २०० वॅट घेणारे भांडे येथे ७०० हून अधिक वॅट ओढू पाहील आणि जळेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी वीज जायची ती जाणारच, आणि अन्न ४ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तास पडून राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, येथल्या वैशाखात तर विचारायलाच नको. तिकडेही बाई घरी नसताना वीज जाऊन आलेली कळली, तर अन्न शिजलेले दिसले तरी टाकून द्यावे. गोठलेले मांस थेट भांड्यात घालू नये. दर थोड्या वेळाने झाकण उचलून पाहण्याची सवय लहानपणापासूनची आहे, ती मोडावी. एकदा झाकण उघडले की निघून गेलेली उष्णता परत यायला वीस-एक मिनिटे लागतात.

आणि एक गोष्ट, जी पत्रात सहज लिहिलेली आहे पण वाचताना सर्वांत जास्त खुपली. भांडे रात्रीपर्यंत गरम राहते म्हणून घरात आता जो तो आपापल्या वेळेला वाढून घेतो, जावईबापू सहाला, मुले खेळून आल्यावर आणि बाई सगळ्यांत शेवटी, उभ्यानेच. वैलावरचे वरण गरम राही ते उशिरा येणाऱ्यासाठी, हे खरे. पण ताट एकत्रच मांडले जाई, आणि दादा शेतावरून यायला कितीही रात्र झाली तरी कोणी आधी बसत नसे. ते जुने कडक वळण आता चालणार नाही आणि चालूही नये, तरी आठवड्यातले निदान काही दिवस तरी सगळ्यांची वेळ जुळविता येईल. बाईचे वजन उतरल्याचे फोटोत दिसते. उभ्याने खाल्लेले अंगी लागत नाही असे आजी म्हणे, आणि सध्या तरी ते पटते.

संक्रांतीला यावे ते रिकाम्या हातांनी. गोवऱ्या रचून ठेवलेल्या आहेत, पितळी पातेल्याला कल्हई करून घेतली जाईल, आणि तोवर तुरीच्या हिरव्या शेंगाही निघालेल्या असतील. तिकीट निघाले की तारीख कळवावी. आणि हे पत्र पोचताच राजमा अर्धा तास उकळून घेण्यास सुरुवात केल्याचे फोनवर सांगावे, त्यासाठी संक्रांतीपर्यंत थांबू नये.

जावईबापूंस नमस्कार, मुलांस गोड पापा.

कळावे,
मावशी