एक बंदूक, दोघांत

मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात पहिल्या खरेद्यांना फार मान असतो. पहिली सायकल, पहिला प्रेशर कुकर, पहिली स्कूटर. या वस्तू पुढे यथावकाश भंगारात जातात, पण त्यांच्या खरेदीची हकिकत मात्र पाहुण्यारावळ्यांना ऐकवण्यासाठी घरात कायमची मुक्कामाला राहते. आमच्या घराण्यात अशा बऱ्याच हकिकती आहेत. फक्त बंदुकीची नव्हती. खापरपणजोबांची म्हणून एक तलवार होती, पण तिचा उपयोग दसऱ्याला हळदकुंकू वाहण्यापलीकडे कुणी केल्याचं ऐकिवात नाही. बंदूक घेण्याचा पहिला मान माझा. तोही वयाच्या बावन्नाव्या वर्षी, सिडनीत, आणि पाण्याखाली चालवायच्या बंदुकीचा!

सुरुवात जेवणाच्या टेबलावर झाली. आमचे चिरंजीव तेव्हा सतरा वर्षांचे होते. या वयातल्या मुलाचं बापाशी होणारं बोलणं मोटारीची किल्ली आणि वायफायचा पासवर्ड या दोन विषयांत आटोपतं. त्या दिवशी त्यांनी आपणहून तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘‘बाबा, मला स्पिअरगन हवी आहे.’’

हिच्या हातातला डाव आमटीतच राहिला. ‘‘गन? या घरात गन येणार नाही!’’

मग चिरंजीवांनी समजावून सांगितलं. हिच्यात दारू नाही, गोळी नाही, आवाज नाही. एक लांब नळी, तिच्यावर पोलादी भाला, पुढे जाड रबराचे पट्टे. रबर ताणायचं, भाल्याच्या खाचेत अडकवायचं, चाप ओढला की भाला सुटतो. दम धरून पाण्यात बुडी मारायची आणि मासा टिपायचा. भाला दोरीनं बांधलेला, त्यामुळे परत मिळतो.

‘‘म्हणजे गलोलच की!’’ ही म्हणाली. तिचं माहेर मालवणजवळ खाडीकाठचं. पोहायला ती चालण्याबरोबरच शिकली. मी पुण्याचा. टिळक तलावावर पाठीला डबा बांधून शिकलो, आणि डबा सोडल्यावर जे शिकायचं ते बरंचसं राहूनच गेलं. आमच्या घरी माशातलं शेवटचं मत नेहमी हिचं असतं. तिनं ते दिलं, ‘‘मासा बाजारातून आणायचा असतो. कल्ले उघडून बघायचे, लाल असले तर घ्यायचा. त्याच्यामागे पाण्यात कशाला जायचं?’’

पण गलोल म्हटल्यावर बंदुकीची भीती गेली होती. चिरंजीव एकटे जाणार नाहीत, या अटीवर परवानगी मिळाली. बरोबर कोण जाणार, हा प्रश्न त्या दिवशी कुणाला सुचला नाही. तो पुढे दुकानदाराला सुचला.

खरेदीआधी चौकशी करणं हा पुणेरी माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. मी चौकशी सुरू केली आणि लक्षात आलं, की स्पिअरगनच्या बाबतीत प्रत्येक माणूस आपल्याकडे असते तीच उत्तम म्हणतो. ऑफिसातल्या एका गृहस्थांनी सांगितलं, लांबच घ्या, १२० सेंटीमीटरची. लांब बंदुकीचं रबर जास्त ताणतं, भाला दूर जातो. दुसरे म्हणाले, छे! एवढी लांब काठी घेऊन खडकांच्या कपारीत वळणार कसे? ७५ची घ्या. तिसऱ्यांनी रबराचं नावच टाकलं. त्यांची बंदूक दाबलेल्या हवेवर चालणारी. मी पेशानं इंजिनियर, त्यामुळे हवेचं ऐकून मला मोह झाला. पण त्यांच्याच बोलण्यात पुढे आलं, की तिच्या आतल्या रबरी चकत्या जपाव्या लागतात, खारट पाणी आत गेलं तर उघडून साफ करावी लागते, आणि सध्या ती सात महिने दुरुस्तीला पडली आहे. रबराच्या बंदुकीत जे काही बिघडतं ते डोळ्यांना दिसतं. पट्टा चिरला की नवा घालायचा. मोह आवरला.

पुढे भाल्याची जाडी साडेसहा मिलिमीटर की सात, नळी ॲल्युमिनियमची, कार्बनची की लाकडाची, पट्टा एक की दोन, यावर मी एक तक्ता केला. हिच्या लग्नाच्या वेळी तिच्या काकांनी स्थळांचा असाच तक्ता केला होता म्हणे. त्यातून मी निघालो, हे आठवून मी त्या तक्त्यावर फारसा विश्वास ठेवला नाही.

दुकानदार साठीचा, उन्हानं खापरासारखा भाजलेला. मी तक्ता त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो वाचला नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यानं चिरंजीवांना तीन प्रश्न विचारले.

पहिला, ‘‘तू जिथे बुडी मारणार, तिथं पाण्यात किती लांबचं दिसतं?’’

चिरंजीव म्हणाले, ‘‘पाच-सहा मीटर. बऱ्या दिवशी दहा.’’

‘‘मग दिसतच नाही तिथवर भाला फेकून काय करणार? ९० सेंटीमीटर पुरे.’’ माझ्या तक्त्यातले अकरा रकाने एका वाक्यात निकालात निघाले.

दुसरा, ‘‘बंदूक पाण्याबाहेर कधी ताणायची?’’

‘‘कधीच नाही.’’

‘‘शाबास. पाण्यात शिरल्यावर ताणायची, बाहेर येण्याआधी उतरवायची, आणि भरलेली असो वा रिकामी, माणसाकडे टोक करायचं नाही.’’

तिसरा प्रश्न विचारताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘‘हा खाली असेल तेव्हा वर कोण असेल?’’

मी म्हटलं, ‘‘त्याचे मित्र असतील की.’’

‘‘त्यांच्या हातात काय असेल?’’

‘‘त्यांच्या त्यांच्या बंदुका.’’

‘‘म्हणजे सगळे खाली, मासे बघत. वर कुणीच नाही.’’

मग त्यानं जे सांगितलं ते मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. त्या कागदावरचं उपयोगी तेवढंच. गुदमरल्यासारखं वाटतं ते प्राणवायू कमी झाला म्हणून नव्हे, अंगात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले, तर प्राणवायूची शिल्लक फारशी वाढत नाही. फक्त कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. म्हणजे गजराचं घड्याळच काढून टाकल्यासारखं. माणसाला खाली छान वाटत राहतं. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्या हवेच्या दुप्पट असतो. वर येताना तो उतरतो, छातीतल्या प्राणवायूचा दाबही त्याबरोबर कोसळतो, आणि पाण्याबाहेर यायला हातभर अंतर उरलेलं असताना माणूस शुद्ध हरपतो. धडपड नाही, हाक नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांचंही असं होतं. वर कुणी बघणारं असलं तर तोंड पाण्याबाहेर धरायचं, बहुधा तेवढ्यानं श्वास सुरू होतो. बघणारं नसलं, तर नाही.

‘‘म्हणून पहिली बंदूक एकच घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘दोघांत एक. एक खाली, एक वर. हातात बंदूक नसली की वरचा नुसता बघत राहतो. वर आल्यावरही अर्धं मिनिट नजर काढायची नाही. आणि जितका वेळ खाली, त्याच्या दुप्पट वेळ तरी वर विश्रांती.’’

माझ्या आयुष्यात कमी माल विकण्यासाठी इतका घसा कोरडा करणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. दोनाऐवजी एक बंदूक म्हटल्यावर माझ्यातला पुणेकर आनंदला. त्या आनंदात, दोघांतला दुसरा मी, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

पुढचे दोन महिने मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. मुलाबरोबर दम धरून बुडी मारण्याचा रीतसर वर्ग केला. बेशुद्ध माणसाला वर कसं आणायचं ते शिकलो. रबरी पोशाख चढवायला शिकलो. तो साबणाच्या पाण्याशिवाय चढत नाही आणि दुसऱ्या माणसाशिवाय उतरत नाही. त्या पोशाखानं माणूस बुचासारखा तरंगतो, म्हणून कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधायचा. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसानं उतारवयात कमरेला शिसं बांधावं, यात काहीतरी न्याय असावा. सरकारची मासेमारीची फीही भरली. अठरा वर्षांखालच्यांना ती माफ आहे, त्यामुळे चिरंजीवांना काही पडलं नाही. बापांना कुठंच काही माफ नसतं.

एका रविवारी सिडनीच्या दक्षिणेकडच्या खडकाळ किनाऱ्यावर आम्ही पाण्यात उतरलो. बंदूक ताणण्याचा पहिला मान वडीलधारा म्हणून मला मिळाला. दांडा छातीला टेकवायचा, दोन्ही हातांनी रबर धरायचं आणि खाचेत बसेपर्यंत ओढायचं. रबर निम्म्यापर्यंत आलं आणि तिथं आमचं दोघांचं पटेनासं झालं. चिरंजीवांनी ते एका दमात ओढलं. माझ्या छातीवर आठवडाभर निळा डाग राहिला.

खाली पहिला भेटला तो निळा ग्रोपर. मीटरभर लांबीचं, निळ्या शाईत बुडवल्यासारखं धूड, आणि स्वभावानं अगदी घरातलं कुत्रं. माणूस दिसला की मागे मागे येतो. हा न्यू साउथ वेल्सचा राज्यमासा. त्याला भाला मारायला १९६९ सालापासून बंदी आहे. त्याला ते कुणीतरी सांगितलेलं असावं, कारण तो आमच्या बंदुकीच्या टोकाशी येऊन उभा राहायचा. हे मासे जन्मतात मादी म्हणून, तपकिरी. त्यांतले काही पुढे नर होतात आणि निळे पडतात. घरी हे सांगितल्यावर ही म्हणाली, ‘‘आधी बाई असतो होय? म्हणूनच एवढा समजूतदार!’’

पहिले चार रविवार मासा मिळाला नाही. पाण्यात वस्तू एक तृतीयांशानं मोठी दिसते आणि पाऊण अंतरावर भासते. किंगफिश ६५ सेंटीमीटरखालचा घ्यायचा नाही असा नियम आहे. खाली ६५चा वाटलेला मासा बाहेर जेमतेम ४९ भरतो. त्यामुळे चिरंजीव बंदूक रोखायचे आणि सोडून द्यायचे. मी मात्र वर पालथा तरंगत, काचेतून खाली बघत आकडे मोजायचो. तो सात मीटर खाली जायचा आणि साधारण चाळीसला वर यायचा. मग त्याचा बोटांनी ‘ठीक’ म्हणून इशारा. मग अर्धं मिनिट त्याचा चेहरा बघायचा. त्यानंतर माझी पाळी. मी तीन मीटरवर कान दुखतात म्हणून परत यायचो, आणि तो वरून तितक्याच गंभीरपणे माझा चेहरा बघायचा.

पाचव्या रविवारी मी चाळीस मोजले आणि तो आला नाही. एका कपारीच्या तोंडाशी त्याच्या पायातले काळे पर तेवढे दिसत होते. पंचेचाळीस. पन्नास. पर हलत नव्हते. बावन्नला मी खाली वाकलो. कान दुखले की नाही ते आठवत नाही. पाच मीटरवर असेन, तेव्हा तो कपारीतून मागे सरला, मला बघून दचकला आणि आम्ही बरोबरच वर आलो. मी बोलू शकत नव्हतो. अर्धं मिनिट त्याचा चेहरा पाहिला. नंतरही पाहत राहिलो. हा चेहरा मी गेली चार-पाच वर्षं इतका वेळ सलग पाहिलाच नव्हता, असं वाटलं.

‘‘सॉरी, बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘मोठा मासा होता. थांबलो जरा. वर तू होतास ना.’’

मी म्हटलं, ‘‘वर मी आहे म्हणून जास्त थांबायचं नसतं. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस.’’

‘‘ओके,’’ तो म्हणाला. मग थोडं थांबून, ‘‘तू केवढा खाली आला होतास माहीत आहे?’’

त्याच दुपारी पहिला मासा मिळाला. लुडरिक, पाणवनस्पती खाणारा, अंगावर काळे पट्टे. किमान २७ सेंटीमीटर लागतो, हा ३१ भरला. आम्ही तो तीनदा मोजला. घरी आणल्यावर हिनं कल्ले उघडले, बोटानं दाबून पाहिला आणि अनुभवी सुरात विचारलं, ‘‘केवढ्याला पडला?’’

मी मनातल्या मनात बंदूक, दोन पोशाख, पर, शिसं, वर्ग आणि फी यांची बेरीज केली आणि म्हटलं, ‘‘ताजा आहे.’’ हॅरिस पार्कच्या दुकानातली आमसुलं घालून तिनं त्याची आमटी केली. तिघांच्या वाट्याला दोन-दोन तुकडे आले. बाजारच्या माशाला अशी चव येत नाही, हे तिनंच कबूल केलं.

गेल्या वर्षी चिरंजीव शिकायला मेलबर्नला गेले. सामान बांधताना मी बंदूक पुढे केली. तो म्हणाला, ‘‘नको. तिथं अजून माझ्याबरोबर कुणी नाही. कुणी भेटलं की मागेन.’’ कपारीतल्या त्या बारा आकड्यांचे पैसे मला तिथं वसूल झाले.

आता ती गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. महिन्यातून एकदा मी पट्टे तपासतो, गोड्या पाण्यानं पुसतो. परवा पुसत असताना ही दारात येऊन उभी राहिली.

‘‘अहो, जात का नाही एखाद्या रविवारी?’’

‘‘एकट्यानं जायचं नसतं. वर कुणीतरी लागतं, आपल्यावर नजर ठेवायला.’’

‘‘एवढंच ना?’’ ही म्हणाली. ‘‘ते तर मी पंचवीस वर्षं करतेच आहे. पोशाख कुठं मिळतो सांगा.’’