कडीपाट

‘छत काय सुंदर झालंय!’ उद्घाटनाच्या रात्री भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे लिहिलं. ते छत मी केलेलं नव्हतं. माझ्या छताचा खालून काढलेला फोटो सपाट फळ्यांवर चिकटवून त्या फळ्या वर बसवल्या होत्या. आणि माझं छत, एकेक कडी मोजूनमापून रचलेलं, मला न विचारता उतरवून परत पाठवलेलं होतं. ही २०१० सालची गोष्ट. राग अजून गेलेला नाही.

ज्यांना सेकंड लाइफ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली सुरू केलेलं हे संगणकातलं जग. तिथे हार-जीत नसते. आपण एक पात्र घ्यायचं, फिरायचं, लोकांना भेटायचं आणि मुख्य म्हणजे बांधायचं. घरं, झाडं, पूल, जे दिसतं त्यातलं बहुतेक रहिवाशांनीच बांधलेलं. त्यामुळे जगभरचे चित्रकार, शिल्पकार तिथे जमले. बीजिंगच्या त्साओ फेईने तिथे ‘आरएमबी सिटी’ नावाचं अख्खं शहर उभं केलं आणि ते २००९ ते २०११ लोकांना पाहायला खुलं होतं. कॅनडाची ब्रिन ओह तिथे गोष्टी सांगते, त्या आपण चालत चालत वाचायच्या. मी जाहिरात क्षेत्रात काम करणारी, पुण्यात राहणारी. कामातून वेळ काढून तिथे गेले आणि रमले.

आमचा तीसेक कलाकारांचा गट होता. एकमेकांना आम्ही पात्रांच्या नावांनीच ओळखायचो. खरी नावं, चेहरे, वयं कुणी विचारत नसे. पण कोण किती मनापासून काम करतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, कारण बांधणारा माणूस तिथे सगळ्यांसमोर बांधत असतो. कुणी तुमच्या शेजारी येऊन उभं राहतं, बघतं, एखादी युक्ती सांगतं आणि निघून जातं. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही कलादालनात मला असा शेजार मिळालेला नाही. त्या वर्षी गटाने ‘आठवणीतलं घर’ असं प्रदर्शन ठरवलं. प्रत्येकाला एक तुकडा जागा आणि ठरावीक ठोकळे.

या ठोकळ्यांचं गणित नीट सांगायलाच हवं, कारण सगळा तंटा त्यावरून झाला. तिथल्या कुठल्याही बांधकामाची सुरुवात तेव्हा ‘प्रिम’पासून, म्हणजे एका साध्या ठोकळ्यापासून व्हायची. नवा ठोकळा प्लायवूडच्या रंगरूपाचा निघतो. मग तो ताणा, कापा, पोखरा, त्यावर हवं ते चित्र चढवा. एक प्रदेश २५६ मीटर लांब, तितकाच रुंद. त्यावर त्या काळी १५ हजार ठोकळे मावत, त्याहून एकही जास्त नाही. भाडं महिन्याला २९५ डॉलर होतं. तेव्हाच्या दराने हिशेब केला तर एका ठोकळ्याला महिन्याला साधारण नव्वद पैसे पडत होते. हा आकडा मी पुढे कित्येकदा मांडून पाहिला.

मी वाईचा, माझ्या आजोळचा वाडा बांधायला घेतला. खरा वाडा वाटण्या झाल्यावर विकला गेला होता, पाडला गेला होता, लाकूड जुन्या सागवानाच्या व्यापाऱ्याने नेलं होतं. अशा कहाण्या घरोघरी आहेत, त्यात शिरत नाही. संपूर्ण वाडा दिलेल्या ठोकळ्यांत बसणार नव्हता. म्हणून दिंडी दरवाजा, देवडी, चौक आणि सोपा एवढंच घेतलं आणि बहुतेक ठोकळे सोप्याच्या छतासाठी राखले.

का, ते सांगते. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी आम्हा मुलांना सोप्यात चटईवर सक्तीने झोपवत. झोप कुणाला येणार? मग वर बघत पडायचं. सुरूच्या खांबांवर तुळया, तुळयांवर ओळीने कड्या, त्यांवर पाट. मी कड्या मोजायचे. त्यांतली एकही दुसरीसारखी नव्हती. वाकसाने तासलेलं लाकूड. कुठे कड जरा जास्त गेलेली, कुठे गाठ. झोपाळ्याच्या साखळ्या जिथे अडकवल्या होत्या ती तुळई मधोमध किंचित खाली आलेली. देव्हाऱ्याच्या बाजूच्या कड्या काजळीने काळ्या पडलेल्या. एका कडीला भुंग्याने गोल भोक पाडलं होतं आणि त्यातून पिवळा भुसा आमच्या अंगावर पडायचा. वाडा म्हणून माझ्या डोक्यात जे काही आहे ते त्या छताच्या खालून पाहिलेलं आहे.

तसंच केलं. कड्या आणि पाट मिळून तीनशेच्या आसपास ठोकळे लागले. प्रत्येक कडी किंचित वेगळी, वळणात एखाद्या अंशाचा फरक ठेवून. साखळ्यांची तुळई मधोमध उतरती. भुंग्याचं भोकसुद्धा केलं, काळा चपटा गोल ठोकळा, एक सेंटिमीटर जाडीचा. त्याहून बारीक ठोकळा तिथे होतच नसे. उंचीचा प्रश्न वेगळाच होता. त्या जगात आपण स्वतःला मागून, डोक्याच्याही वरून पाहत असतो. त्यामुळे वाड्याचं खरं, ठेंगणं छत ठेवलं तर नजर छताच्या वर जाते आणि खालचं काही दिसत नाही. म्हणून तिथली सगळी घरं अवाढव्य उंच असतात. मला सोपा दीडपट उंच करावा लागला. दिंडी दरवाजातून आत येताना वाकायला लागायचं, तेही गेलं, कारण पात्र दारापाशी आपोआप वाकत नाही. या तडजोडी मी केल्या. माध्यमाची अडचण होती, तिच्याशी भांडून काय होणार?

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात एक नामवंत कलाकार आमच्या प्रदर्शनात यायला तयार झाला. त्याला काचेचा गोल जिना उभा करायचा होता आणि त्यासाठी भरपूर ठोकळे हवे होते. संयोजकाने सगळ्यांना थोडी बचत करायला सांगितली. मी चौकातली तुळस, कोनाडे, दिवे साधे केले. छताला हात लावणार नाही, हे त्याला स्पष्ट लिहिलं. माझ्या शेजारच्या जपानी चित्रकार बाईने तिच्या घराची फक्त चपला काढायची जागा केली होती. एक पायरी, एक लाकडी फळी, चार जोड चपला. तिचे ठोकळे ढीगभर शिल्लक होते. ते मला द्यावेत असं तिने संयोजकाला आपणहून कळवलं होतं. त्यावर उत्तर आलं की एकाचा वाटा दुसऱ्याला देता येत नाही, तो नियम आहे. ठीक. नियम म्हटल्यावर मी गप्प बसले.

उद्घाटन सेकंड लाइफच्या घड्याळाने दुपारी एकला, म्हणजे आपल्याकडे पहाटे दीडला. मी थोडी आधी पोहोचले, तर जिना उभा होता. पायथ्यापासून वरपर्यंत. आणि माझ्या सामानाच्या ‘हरवलं-सापडलं’ कप्प्यात छत येऊन पडलं होतं. जमिनीच्या मालकाला, म्हणजे इथे संयोजकाला, कुणाचीही वस्तू अशी परत पाठवता येते, एक कळ दाबली की झालं. वर पाहिलं तर आठ सपाट फळ्या, त्यांवर माझ्याच कड्यांचा फोटो. फळ्या त्याच्या मालकीच्या, त्यामुळे मला त्या काढताही येईनात. शेजारणीचे उरलेले ठोकळेही जिन्यात गेले होते. नियम फक्त माझ्यापुरता होता.

मी संयोजकाला बाजूला घेऊन विचारलं. तो चिडला नाही, उलट शांतपणे म्हणाला, ‘तुझं काहीच हरवलेलं नाही. सगळं तुझ्याकडे सुखरूप आहे.’ मग म्हणाला, ‘आणि तुझी कडी तरी कुठे लाकडाची आहे? तीसुद्धा ठोकळ्यावर चिकटवलेला सागवानाचा फोटोच आहे ना?’

याला काय उत्तर द्यायचं ते मला त्या क्षणी सुचलं नाही. नंतर सुचलं, ते इथे लिहिते. फोटो दोन्हीकडे आहे हे खरं. पण सोप्यातून चौकाकडे चालत जाताना माझ्या कड्या एकमेकींच्या आड जातात, मधल्या फटी मिटतात आणि पुन्हा उघडतात. साखळ्यांपाशी तुळईचा पोक डोक्यावर आल्यासारखा वाटतो. त्याच्या फळीवरच्या कड्या आपल्याबरोबर हलत नाहीत. त्या एकाच जागी उभं राहिलेल्या माणसाने पाहिलेल्या आहेत आणि तो माणूस मी नाही. शिवाय वापरायचंच होतं तर विचारून वापरायचं. कुणा दिग्दर्शकाने नटाला घरी पाठवून त्याच्या जागी त्याचं पोस्टर रंगमंचावर उभं केलं, तर नट सुखरूप आहे हे काही उत्तर झालं का?

सपाट चित्राला माझा विरोध नाही. ‘द फार अवे’ नावाचं गव्हाचं शेत तिथे फार प्रसिद्ध होतं, एएम रेडिओ या कलाकाराने केलेलं. त्यातला गहू म्हणजे पातळ पत्र्यांवरची चित्रंच. त्या शेतात मी तासन्‌तास उभी राहिले आहे आणि गव्हाखेरीज दुसरं काही मला दिसलेलं नाही. पण गहू सपाट ठेवायचा हे त्या कलाकाराने स्वतः ठरवलं होतं. बाहेरच्या माणसाने नव्हे.

आणि तरीही एक गोष्ट माझ्या या सगळ्या बोलण्यात बसत नाही. उद्घाटनाला न्यू जर्सीत राहणारी एक मराठी बाई आली होती. रोमन लिपीत मराठी लिहीत होती. देवडीतून आत आली, झोपाळ्यावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग लिहिलं, ‘आमच्या सातारच्या वाड्याचं छत अगदी असंच होतं हो. मी कड्या मोजायचे.’ तिला सांगावं की हे छत नाही, हा फोटो आहे, खरं माझ्याकडे आहे? मी सांगितलं नाही. तिला जे मिळालं ते खोट्या छताखाली मिळालं आणि ते खोटं होतं असं मला म्हणवत नाही. संयोजकाला हे कळलं असतं तर त्याने तेच माझ्यासमोर धरलं असतं.

पुढे माझं एवढंच सांगणं आहे, विशेषतः आत्ता अशा जगात काम सुरू करणाऱ्या मुलामुलींना. जागा कुणाची, वस्तू कुणाची, उतरवायचा अधिकार कुणाला, हे आधी लिहून घ्या. मैत्री आहे म्हणून सोडू नका. जिथे जमीन भाड्याची आहे तिथे कलेचा मालक शेवटी जमीनवालाच ठरतो. त्याच वर्षी लिंडन एंडोमेंट फॉर द आर्ट्स सुरू झालं, त्यातून कलाकारांना काही महिन्यांसाठी अख्खे प्रदेश मिळू लागले आणि अशी ओढाताण पुष्कळ कमी झाली. तेही २०१९ मध्ये बंद पडलं. आमच्या गटाची जागा तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती. २०११च्या ऑगस्टमध्ये ‘मेश’ आलं, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवलेल्या आकृती आत आणता येऊ लागल्या. त्या पद्धतीने माझं छत पूर्वीच्या ठोकळ्यांच्या छोट्याशा हिश्शात बसलं असतं. आणि त्या वेळीही तीनशे ठोकळ्यांचे महिन्याचे पावणेतीनशे रुपये मी खुशीने भरले असते. वर्षाचे एकदम भरले असते. संयोजकाने विचारायला हवं होतं.

शेजारच्या जपानी बाईने मात्र एक केलं. प्रदर्शन उतरल्यावर तिने स्वतःच्या लहानशा जागेवर ती चपलांची पायरी पुन्हा मांडली आणि माझं छत तिथे लावायला मला बोलावलं. आकाराने ते चहूबाजूंनी बाहेर येत होतं. खाली वाईचा सोपा नव्हता, चार जोड चपला होत्या. भुंग्याच्या भोकापासून सगळं जिथल्या तिथे होतं, तिने त्यातलं काहीही बदलायला सांगितलं नाही. आठवडाभर आम्ही लोकांना बोलावत होतो. मोजके लोक आले, चपलांभोवती रेंगाळले, तिच्याशी बोलले. छताबद्दल कुणीही काही लिहिलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही असं मी तिला सांगितलं, पण वाईट वाटलं होतं. उद्घाटनाच्या रात्री वाटलं होतं त्याहून जास्त.