साडूंचे मॅगझिन

आमच्या साडूंचा अमेरिकेहून फोन आला की आमच्या घरात एकाच प्रश्नावर चर्चा होते : येताना मेतकूट आणायचे की गोडा मसाला? पण २०१८ च्या मे महिन्यात त्यांनी फोन केला तो सौ.शी दोन वाक्ये बोलून ‘त्यांना दे जरा’ म्हणण्यासाठी. ‘त्यांना’ म्हणजे मला. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण सासरच्या मंडळींपैकी कोणाला माझी अशी निकड लागल्याचे मला आठवत नाही.

‘‘हे बघा,’’ भाऊ म्हणाले, ‘‘जूनमध्ये येताय ना, जरा तयारीनं या. इथं मॅगझिनच्या कायद्याचा घोळ झालाय. तीस जूनच्या आत निकाल लावायचाय. तुम्ही त्यातले माणूस!’’

मी त्यातला माणूस! दरवर्षी दोन दिवाळी अंकांत माझे लेख छापून येतात आणि पाच अंकांकडून परत येतात, ही बातमी कॅलिफोर्नियापर्यंत पोचली तर! भाऊ मूळचे सांगलीचे. तिकडे सॅक्रामेंटोजवळ स्वतःचे घर, मोटार, हिरवळ असे सगळे झाल्यावर माणसाला मासिक काढावेसे वाटणारच. मी परत आलेल्या पाचही लेखांच्या स्वच्छ प्रती काढल्या आणि मेतकुटाच्या पिशवीशेजारी बॅगेत ठेवल्या.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला गॅरेजमध्ये नेले. मी लेखांची फाइल बगलेत मारून निघालो. तिथे एक लोखंडी कपाट होते, आमच्या बँकेच्या लॉकरसारखे. ते त्यांनी उघडले आणि आतून एक काळीकभिन्न रायफल बाहेर काढली. रायफलीच्या पोटाखाली एक वाकडी पत्र्याची डबी होती. तिच्यावर बोट ठेवून भाऊ म्हणाले, ‘‘हे मॅगझिन.’’

फाइल मी पाठीमागे लपवली. संपादकाने तोंडही न उघडता केलेली माझी ही पहिलीच साभार परत.

आता भाऊंविषयी थोडे सांगायला हवे. झुरळ मारायला शेजारच्या काकूंना हाक मारणारा हा माणूस. त्याने रायफल का घ्यावी? तर २०१६ साली त्यांच्या रस्त्यावर दोन घरफोड्या झाल्या, आणि त्याच सुमाराला या जातीच्या रायफली नव्या वर्षापासून विकायला बंदी होणार असे जाहीर झाले. घरफोडीने भाऊ घाबरले नसते, पण बंदीने घाबरले. साखर बंद होणार म्हटल्यावर पोते आणून ठेवणाऱ्या घरातले संस्कार! त्या साली कॅलिफोर्नियात असल्या रायफलींचा खप भलताच वाढला. त्यांतली एक आमच्या साडूंची. मेहुणीने त्या दिवसापासून गॅरेजमध्ये पाऊल टाकले नव्हते.

‘‘धरून बघा,’’ भाऊ म्हणाले आणि लगेच मागे सरले. ‘‘नको, नको! तुम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर आहात. तुम्ही बंदूक बाळगलेली इथल्या कायद्याला चालत नाही. तुम्ही फक्त कायदा वाचा.’’

तेवढे मला येते. बावीस वर्षे बँकेत मी दुसरे काय केले? सर्क्युलर वाचायचे, मग त्याचा खुलासा करणारे सर्क्युलर वाचायचे, मग खुलाशाने झालेला गोंधळ दूर करणारे. मी चष्मा पुसला आणि बसलो. पहिल्या अर्ध्या तासातच मला परक्या देशात आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला.

गोष्ट अशी. १९८९ च्या जानेवारीत तिथल्या स्टॉकटन गावात एका माणसाने शाळेच्या मैदानावर गोळ्या झाडून पाच मुले मारली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने असल्या बंदुकींची नावानिशी यादी करून त्यांवर बंदी घातली. कारखान्यांनी नावे बदलली. मग २००० सालापासून सरकारने नावांऐवजी अवयव मोजायला घेतले. मॅगझिन सुटे असेल आणि जोडीला पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, नळीच्या तोंडाशी जाळ लपवणारे टोक असे काही एक जरी असेल, तर ती रायफल बंदीतली. शिवाय दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन विकायचे नाही.

पण ‘सुटे’ म्हणजे काय? नियम म्हणतो, हत्यार न वापरता निघते ते सुटे. आणि पुढे, हे मी तीनदा वाचले, बंदुकीची गोळी हे हत्यार समजले जाईल!

आपल्या मराठीत हातोडी, पान्हा, तलवार, सगळ्यांना हत्यारच म्हणतात, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटणार नाही. बंदुकीची गोळी हत्यार नाही तर काय चमचा? पण त्यांच्याकडे हे दोन शब्द वेगळे. इथे अर्थ होता पान्ह्यातला. त्यावर कुणा सुपीक डोक्याने एक बटण काढले. बोटाने दाबले जाऊ नये असे खोलगट. त्यात गोळीचे टोक खुपसले की मॅगझिन टपकन खाली. हत्याराने निघाले, म्हणजे सुटे नव्हे. सुटे नव्हे, म्हणजे मूठ, दस्ता, सगळे माफ. याचे नाव बुलेट बटण. दुकानांत राजरोस विकले जाई.

मी भाऊंना म्हटले, ‘‘हा तर आमचा एकोणपन्नास हजार नऊशेवाला!’’

ते समजले नाहीत. तुम्ही समजला असाल. पन्नास हजारांच्या वर रोख भरली की पॅन नंबर लिहा, असा आमच्याकडे नियम होता. तेव्हा आमच्या काउंटरवर रोज एक तरी गृहस्थ एकोणपन्नास हजार नऊशे रुपये घेऊन येत. चेहरा असा निष्पाप, जणू घरातून निघताना देवानेच तेवढे मोजून हातात ठेवले. मी स्लिप पुन्हा पुन्हा बघे. एक अक्षर चुकीचे सापडायचे नाही. त्या माणसाने कायदा मोडलेला नसतो. फक्त त्याच्या कडेकडेने, चपला हातात घेऊन तो निघून गेलेला असतो.

बुलेट बटणाचे सुख फार वर्षे टिकले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोला चौदा माणसे मारली गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात कायदा बदलला. आता मॅगझिन ‘पक्के’ ठरायचे तर रायफलीचा गाभा उघडल्याखेरीज ते निघता कामा नये. ज्यांच्याकडे जुन्या बटणाच्या रायफली आहेत त्यांनी ३० जून २०१८ च्या आत पंधरा डॉलर भरून नोंदणी करावी, नाहीतर रायफलीचे रूप तरी बदलावे.

‘‘नोंदणी करून टाका की,’’ मी म्हटले. पंधरा डॉलरांत सुटका म्हणजे आमच्या लॉकरच्या भाड्यापेक्षा स्वस्त.

‘‘छे! ‘असॉल्ट वेपन’चा मालक म्हणून सरकारदरबारी नाव लागायचं! सांगलीला कळलं तर?’’

म्हणून त्यांनी सुट्या सामानाचे कॅटलॉग मागवून ठेवले होते. ते मी दोन दिवस वाचले. एका जाहिरातीत मुठीच्या मागे बसवायचा माशाच्या परासारखा एक प्लॅस्टिकचा तुकडा होता. त्यामुळे अंगठा पलीकडे वळत नाही, आणि अंगठा वळला नाही की कायद्याने मूठ ही मूठ राहत नाही. मूळ नियमातच म्हटले आहे की मूठ ‘ठळकपणे’ खाली आलेली नसावी. ठळकपणे म्हणजे किती, यावर मी आमच्या मॅनेजरांचे पोट डोळ्यांपुढे आणून बराच विचार केला. दुसऱ्या जाहिरातीत दिसायला तीस गोळ्यांचे मॅगझिन, पण आत ठोकळा रिव्हेटने पक्का केलेला, मावतात दहाच. मिठाईच्या खोक्याचा तळ आपल्याकडे असाच वर सरकवलेला असतो. फरक एवढाच, की इथे गिऱ्हाईक ती फसवणूक विश्वासाने मागून घेते. तिसरे होते एक कुलूप. रायफल कमरेत थोडी उघडली तरच मॅगझिन सोडणारे.

प्रत्येक पानाच्या तळाशी कोणत्या राज्यात काय चालते याची बारीक यादी. कॅलिफोर्नियात दहा, कोलोराडोत पंधरा. न्यू जर्सीत पंधरा चालत होत्या, त्या आम्ही तिथे असतानाच दहावर आणल्या. भाऊंच्या घरापासून मोटारीने दोन-अडीच तासांवर नेवाडाची हद्द, तिथे कितीही. आमची गाडी लेक टाहोला गेली तेव्हा भाऊंनी मला ती हद्द दाखवली. झाडे तीच, पाणी तेच. (पुढे २०२२ साली डेलावेअरने सतरा हा आकडा काढला. पंधरा आणि वीस यांच्यामध्ये कोणी भाजीबाजारात घासाघीस केल्यासारखा.)

तिसऱ्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बसून भाऊंसाठी माझा अभिप्राय लिहायला घेतला. मार्जिन सोडून, परिच्छेदांना आकडे देऊन. कुलूप बसवावे, दहाचे मॅगझिन ठेवावे, मूठ राहू द्यावी. आणि चौथ्या परिच्छेदात एका नामी वस्तूची शिफारस केली. मॅगझिन बाहेर काढायचेच नाही. रिकामी काडतुसे जिथून उडतात त्या खिडकीतून एक चपटी डबी लावून दहा गोळ्या एका दमात आत सारायच्या. कायद्याचे अक्षर शाबूत आणि खोळंबा नाही. असा मुद्देसूद अभिप्राय मी बँकेत लिहिला असता तर मला आजवर बढती मिळाली असती.

भाऊंची धाकटी नऊ वर्षांची. ती समोर बसून चित्र रंगवत होती. माझ्या हातातल्या जाहिरातीकडे बघून तिने विचारले, ‘‘काका, हे फास्ट भरायचं आहे का?’’

‘‘हो.’’

‘‘आमच्या शाळेत ड्रिल असतं. दिवे घालवायचे, दार लॉक करायचं आणि खिडकी नाही त्या कोपऱ्यात बसायचं. बोलायचं नाही. माझी मैत्रीण म्हणते, बुलेट्स संपल्या की तो थांबतो, तेव्हा पळायचं. दहा असतात ना? दहा झाल्यावर किती वेळ मिळतो?’’

उत्तर माझ्या हातातल्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेले होते. मी कागद उलटा ठेवला आणि म्हटले, ‘‘तू चित्र छान काढलंयस हं.’’

तिने माझ्याकडे असे पाहिले, की मोठ्या माणसांना विचारण्यात अर्थ नसतो हे तिला ठाऊक होतेच, आज फक्त नोंद झाली.

तीन दिवस मी तो कायदा वाचत होतो. दहा का, हा प्रश्न मला पडला नव्हता. सर्क्युलर वाचणाऱ्याला ‘का’ पडत नाही, ‘केव्हापासून’ एवढेच पडते. भाऊंना मी त्या रात्री विचारले, तर त्यांनी ॲरिझोनातल्या टूसानची हकिगत सांगितली. जानेवारी २०११. एका दुकानाबाहेर लोकप्रतिनिधीची सभा, एकाने पिस्तूल चालवले. मॅगझिन तेहतीस गोळ्यांचे. सहा माणसे गेली, त्यांत एक नऊ वर्षांची मुलगी. आणि तो दुसरे मॅगझिन भरायला थांबला तेवढ्यात जवळच्या लोकांनी त्याला खाली पाडला.

म्हणजे एवढ्या सगळ्या कलमांनी, पोटकलमांनी, खुलाशांनी सरकारने काय मिळवले होते, तर काही सेकंदांचा खोळंबा. कोणीतरी धावावे, कोणीतरी पळावे एवढ्यापुरता. आणि माझा चौथा परिच्छेद तो खोळंबा काढून टाकत होता. एक अक्षरही न मोडता.

‘‘पण भाऊ, चोर घरात शिरला तर खोळंबा तुमचाही होणार,’’ मी म्हटले. मी बँकेचा माणूस, दुसरी बाजू मांडल्याशिवाय मला झोप येत नाही.

‘‘होणार ना,’’ भाऊ म्हणाले. ‘‘तेच तर इथं सगळे म्हणतात. खोटं नाही ते.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘अहो, मला दहातली पहिली तरी झाडता येणार आहे का?’’

मी चौथा परिच्छेद खोडला. भाऊंनी कुलूप बसवून घेतले आणि खिडकीची डबी मागवली नाही. रायफल विकायला काढली का, तर नाही. माणसे एवढी सुधारत नाहीत. कपाटाची किल्ली मात्र मेहुणीने मागून घेतली. ती तिने कुठे ठेवली ते भाऊंना माहीत नाही, आणि मला माहीत आहे, कारण मेतकुटाच्या डब्यात हात मीच घातला होता.

कायद्याचे पुढे काय झाले म्हणाल, तर मार्च २०१९ च्या अखेरीस सॅन दिएगोच्या न्यायाधीशांनी दहाच्या वरच्या मॅगझिनवरची बंदी रद्द केली. आठवड्याभरात स्थगिती आली, पण त्या आठवड्यात लोकांनी भराभर मागवून घेतली. भाऊंचा फोन आला, ‘‘सगळे घेतायत हो!’’ मी म्हटले, ‘‘साखर आहे का ती?’’ मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने बंदी योग्य ठरवली, तेव्हाही फोन आला. या दोन फोनांच्या मधल्या काळात भाऊंनी माझा एकही लेख मागितलेला नाही.

अमेरिकेहून परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी आमच्या शाखेच्या गार्डकडे नीट पाहिले. माजी सैनिक, आम्ही त्यांना सुभेदार म्हणतो. दाराशी स्टुलावर बसतात, मांडीवर दुनळी. दोन नळ्या, दोन काडतुसे.

‘‘सुभेदार, दोन बार झाले की तिसऱ्याला किती वेळ लागतो?’’

त्यांनी हवेतच करून दाखवले. बंदूक मोडायची, रिकामी काडतुसे काढायची, पट्ट्यातून एक घ्यायचे, मग दुसरे, घालायचे, मिटायची. सगळे सावकाश, देवपूजेसारखे.

‘‘मोजला नाही कधी, साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘पण तेवढ्यात पळणारा पळून जातो.’’

‘‘चोर?’’

‘‘कोणीही.’’

एवढ्यात काउंटरवर कोणीतरी खाकरले. मी जाऊन बसलो. गृहस्थांनी स्लिप आत सरकवली. एकोणपन्नास हजार नऊशे. मी वर पाहिले. चेहरा तोच निष्पाप. नोटा मोजल्या, बरोबर होत्या. मी पुन्हा मोजल्या. मग आणखी एकदा, हळूहळू. मागे रांग वाढत होती.

‘‘काही कमी आहे का साहेब?’’ त्यांनी विचारले.

‘‘नाही,’’ मी म्हटले, ‘‘जरा वेळ लागेल.’’