पहिले पाचशे बारा बाइट

२०२० सालच्या ऑगस्टमधील एका सकाळी नांदेडच्या घरी आम्ही संगणक सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर दोनच ओळी उमटल्या. 'ग्रब_कॅलॉक' नावाचे काहीतरी सापडत नाही, असे पहिली सांगत होती. दुसरीत 'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द होते आणि त्यापुढे लुकलुकणारी खूण. आदल्या रात्री लिनक्सच्या अद्ययावतीकरणाला संमती आम्हीच दिली होती.

त्या यंत्रात लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील खेड्यांतून सोळा वर्षे जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ज्यांच्या तोंडून त्या ऐकल्या, त्यांतल्या कित्येक जणी आता हयात नाहीत. 'एक प्रत वेगळी काढून ठेवू' हे वाक्य आम्ही दर दिवाळीच्या सुटीत उच्चारत आलो होतो. गल्लीतल्या दुरुस्ती करणाऱ्याला फोन केला, तर त्याने एका शब्दात उपाय सांगितला : फॉरमॅट!

लातूरला आमचा एक जुना विद्यार्थी असतो. मराठीचे एम. ए. करून तो या यंत्रांच्या नादी लागला. त्या महिन्यात जिल्हा ओलांडायला ई-पास लागत असे. म्हणजे जे व्हायचे ते फोनवरच. तो म्हणाला, "सर, मजकूर असा कुठं जात नसतो. दार लागलंय, घर शाबूत आहे. फॉरमॅट तेवढं करू नका."

मग त्याने समजावले ते असे. जुन्या पद्धतीच्या यंत्रात हार्डडिस्कचा पहिला कप्पा ५१२ बाइटांचा असतो. त्यातले ४४६ बाइट आरंभीच्या आज्ञांचे, ६४ विभागांच्या नोंदींचे आणि २ ओळखखुणेचे. एवढ्याशा जागेत ज्ञान ते किती मावणार? पुढचा तुकडा कुठे आहे, इतकेच त्या आज्ञांना ठाऊक असते. तो तुकडा म्हणजे ग्रबचा गाभा. गाभा आपल्या सहायक फाइलींना हाक मारतो आणि मग मूळ प्रणाली जागी होते. २९ जुलै २०२० रोजी ग्रबमधील 'बूटहोल' हा सुरक्षादोष जाहीर झाला. त्यावरच्या सुधारणा तातडीने आल्या आणि त्यानंतर जगभर अनेक यंत्रे अशीच उंबरठ्यावर अडली.

आमच्या यंत्रात हार्डडिस्का दोन. यंत्र सुरू होताना पहिला कप्पा वाचायचे तो जुन्या डिस्कचा, आणि नवा गाभा लिहिला गेला नव्या डिस्कवर. सहायक फाइली मात्र नव्याच आल्या होत्या. जुन्या गाभ्याला ठाऊक नसलेले नाव त्या विचारत राहिल्या. कोणत्या डिस्कवर लिहायचे, हा प्रश्न पूर्वी कधीतरी आम्हाला विचारला गेला होता आणि आम्ही तो न वाचता होकार दिला होता. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाच्या घरी पोथीचे पहिले पान एका प्रतीचे आणि उरलेली पोथी दुसऱ्या प्रतीची निघावी, याहून मोठी शिक्षा कोणती?

कपाटात इन्स्टॉलेशनची जुनी डीव्हीडी होती. तिच्यावरून यंत्र उठवायचे, अडलेल्या प्रणालीचा विभाग जोडायचा, 'सीएचरूट' या आज्ञेने त्यात शिरायचे आणि 'ग्रब-इन्स्टॉल'ने गाभा योग्य डिस्कवर पुन्हा लिहायचा, असा क्रम ठरला. शेवटची आज्ञा देण्यापूर्वी त्याने दोन्ही डिस्कांची नावे व आकार आम्हाला दोनदा वाचायला लावले. "सर, 'डेव्ह'च्या आधीच्या रेघेअगोदर जागा सोडली का?" सोडली नव्हती. अनुस्वारासाठी याचे गुण आम्ही कधीकाळी कापले होते. त्याने मात्र आमचे काही कापले नाही. दुपारी यंत्र उठले. 'बूट' हा शब्द बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःला उचलण्याच्या कल्पनेतून आला आहे. आमचे यंत्र मात्र दुसऱ्याने हात दिला तेव्हाच उठले.

सप्टेंबरमध्ये ई-पास संपला आणि ओव्यांची एक प्रत घेऊन आम्ही लातूरला गेलो. विद्यार्थ्याने आरंभीच्या काळातली एक फाइल उघडली व विचारले, "सर, ही कोणती भाषा?" पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा होता. त्या फाइली युनिकोडपूर्व फाँटात टंकलेल्या होत्या आणि तो फाँट त्याच्याकडे नव्हता.

तेव्हा आम्हाला महानुभावांच्या पोथ्या आठवल्या. आमच्या नांदेड जिल्ह्यातले माहूर हे त्या पंथाचे मोठे स्थान. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेले हे ग्रंथ मठांतून शतकानुशतके जपले गेले, परंतु बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या अभ्यासकांमुळे ती किल्ली बाहेर आली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. तिथे लपवण्यामागे पंथाची श्रद्धा होती. आमच्याकडे निव्वळ आळस होता.

त्या रात्री आम्ही फाँटाची फाइल शोधून त्याला पाठवली. तेव्हापासून एकेक ओवी युनिकोडमध्ये आणतो आहोत. प्रत आता नांदेडला एक आणि लातूरला एक असते, आणि ती कशी उघडायची हे सांगणारा एक साधा कागद दोन्हींसोबत ठेवलेला असतो.