बंद पडलेला संगणक आणि माझी चूक



आपल्या शाळेच्या संगणकाची हार्ड डिस्क 160 जीबीची आहे. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे फोटो साठून साठून ती कणगीसारखी काठोकाठ भरली होती. 2023 साली गुरुजींनी गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या फोनमध्ये टिपून घेतल्या, त्याही तिच्यातच ठेवल्या होत्या. त्यात माझ्या आजीच्या अकरा ओव्या आहेत. आजी पुढच्याच वर्षी वारली.

जागा पुरेना म्हणून गुरुजींनी तालुक्याहून 500 जीबीची वापरलेली डिस्क आणली. दुकानातल्या दादांनी ती पुसून कोरी करून दिली होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी, मी व माझा मित्र असे तिघे थांबलो. गुरुजींनी आधी प्लग काढायला लावला. मग म्हणाले, "पेटीच्या लोखंडाला हात लावा रे." आपल्या अंगावर साठलेली स्थिर वीज त्याने निघून जाते, नाहीतर आतले नाजूक भाग बिघडू शकतात. झाकण काढले. डिस्कला दोन केबली असतात. रुंद तोंडाची विजेची आणि अरुंद तोंडाची माहितीची.

एवढ्यात गुरुजींना फोन आला. "मी येईस्तोवर हात लावू नका," असे सांगून ते बाहेर गेले. पण मला कुठला दम! नव्या डिस्कची केबल आखूड होती, ती पहिल्याच खाचेपर्यंत पोहोचत होती. मी जुन्या डिस्कची केबल उपसून दुसऱ्या खाचेत घातली आणि नवी पहिल्या खाचेत बसवली. मित्र म्हणाला, "आरं, गुरुजी काय म्हनले?" मी ऐकले नाही.

गुरुजी आले. "अरे, लावलीस पण?" म्हणून हसले. बटण दाबले. पडदा काळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे : 'बूटएमजीआर इज मिसिंग'. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. माझ्या पोटात गोळा आला.

गुरुजींनी दुकानात फोन लावला. "जुनी डिस्क गेली असंल. सोमवारी घेऊन या, फॉरमॅट मारून देतो," असे उत्तर आले. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून कोरी करणे. मी गप्पच राहिलो.

रात्री आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आजीचा आवाज पेनड्राइव्हमधी कधी आणनार हाईस रं? लई दिस झालं सांगून." घास गिळवेना.

सोमवारी प्रार्थनेच्या आधीच मी गुरुजींना गाठले आणि केबल बदलल्याचे सांगून टाकले. मला वाटले, आता छडी. गुरुजी क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "मग डिस्क गेलेली नसेलही. चल."

प्लग काढून आम्ही नवी डिस्क सोडवली. जुनी परत पहिल्या खाचेत लावली. बटण दाबले, तर विंडोज सुरू! म्हणजे जुनी डिस्क धडधाकट होती.

गुरुजींनी मग समजावले. बटण दाबताच आधी मदरबोर्डवरचा बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो डिस्कांची यादी बघतो आणि जिचा नंबर पहिला, तिच्याकडून विंडोज सुरू करायला जातो. मी खाचा बदलल्याने नव्या डिस्कचा नंबर पहिला लागला होता. तिच्यावर विंडोज नव्हतेच. दुसऱ्याच्या दारात उभे राहून आपल्या आईला हाक मारावी, तसे झाले होते.

संगणक बंद करून, प्लग काढून नवी डिस्क दुसऱ्या केबलीने दुसऱ्या खाचेत लावली. चालू करताच डिलीट कळ दाबत राहिलो, तेव्हा बायोसचे पान उघडले. यादीत दोन्ही डिस्कांची नावे होती. नाव दिसले नसते तर केबल सैल आहे असे समजायचे. जुनीला वर ठेवले, एफ10 दाबून बदल जतन केला. संगणक सुरू झाला आणि दोन्ही डिस्का दिसू लागल्या.

पहिले काम म्हणजे ओव्यांची एक प्रत नव्या डिस्कवर आणि एक पेनड्राइव्हमध्ये घेतली. सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवू नये. मग गुरुजींनी आजीची ओवी लावली आणि आवाज मोठा केला. मी खाली मान घालून ऐकत होतो.

गुरुजींनी मला एकच शिक्षा दिली : "हे सगळं जसं झालं तसं लिहून भिंतीवर लाव." म्हणून हे लिहिले. संगणक अडला तर शेवटी जे केले ते आधी उलटे करून बघा, आणि ते केले कोणी हे लपवू नका. मी आणखी एक दिवस गप्प बसलो असतो, तर आजीचा आवाज पुसला गेला असता.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी