पानिपतच्या शेतात, वीतभर अंतरावरून

मराठी पर्यटक पानिपतला येतो तो बहुधा दिल्लीहून, एका दिवसात परतण्याच्या बेताने. जीटी रोडने सुमारे ९० किलोमीटर आणि शहरापासून आठेक किलोमीटरवर काला आंब. तेथे विटांचा स्तंभ आहे, भोवती बाग आहे. स्तंभापुढे हात जोडायचे, एक छायाचित्र काढायचे आणि निघायचे. पण १४ जानेवारी १७६१ चे ते रण नेमके कुठे, ही हुरहूर मनात राहतेच. ज्या आंब्यावरून जागेला नाव पडले, तो वृक्षही आता नाही.

रण आसपासच्या शेतांत आहे. जानेवारीत गहू हिरवागार असतो, मोहरी पिवळी झालेली असते आणि सकाळी दाट धुके पडते. दूरचे दृश्य टिपू पाहणारा निराश होतो. जवळून छायाचित्रे घेणाऱ्याला मात्र असा मोसम शोधून सापडणार नाही. धुक्यातून येणारा उजेड मऊ असतो, त्यामुळे कडक सावल्या पडत नाहीत. पात्यांच्या टोकांवर दवाचे थेंब असतात. थंडीने गारठलेले कीटक ऊन चढेपर्यंत फारसे हलत नाहीत.

कॅमेऱ्याची तयारी

मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उमटते. ही लेन्स महाग वाटल्यास साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्समागे तेवढ्याच लांबीची एक्स्टेन्शन ट्यूब लावली तरी तोच परिणाम साधतो. मात्र उजेड बराच कमी होतो, म्हणून ट्रायपॉड हवाच. आता अनेक मोबाइल फोनमध्येही मॅक्रोची सोय असते.

इतक्या जवळून एफ-११ वरही जेमतेम दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून पाते किंवा पान कॅमेऱ्याला समांतर ठेवावे. कीटक असेल तर डोळा स्पष्ट यायला हवा. लेन्सचे कडे फिरवत बसण्यापेक्षा कॅमेराच किंचित पुढे-मागे सरकवणे सोपे जाते. वारा आलाच तर उघडी छत्री आडोशाला धरावी आणि पाते स्थिर होईपर्यंत थांबावे. थंडीतून उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा. म्हणजे काचेवर बाष्प धरत नाही.

मोहरीवरचे जग

मोहरीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसू लागला, की त्याला खाणारा लाल ढालकिडाही येतो. त्याच्या पाठीवरचे सात काळे ठिपके मुलांना मोजायला सांगावे. ऊन वर आले की मधमाश्या फुलांवर येतात. तेव्हा सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून कमी वेळ ठेवावा. कीटकाला गारठवून, चिकटवून किंवा काडीने ढकलून चित्र जुळवू नये. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नये. पीक तुडवले गेले तर कोणतेही छायाचित्र त्याची भरपाई करत नाही.

या मातीत पीक तुडवणे तर अधिकच खटकते. सदाशिवरावभाऊंच्या छावणीची रसद अब्दालीने तोडली होती. माणसे आणि जनावरे उपाशी होती, आणि असे मरण्यापेक्षा लढून मरावे म्हणून सैन्य त्या दिवशी बाहेर पडले. आज त्याच परिसरात नजर पोचेल तिथवर धान्य उभे असते. स्तंभावरून हे कळत नाही. गव्हाच्या पात्याजवळ गुडघे टेकून बसले, एका थेंबावर लेन्स स्थिर केली, की ज्यांना मूठभर धान्य मिळाले नाही त्यांची आठवण होते.

१४ जानेवारीला काला आंबवर गर्दी असते. छायाचित्रांसाठी त्यानंतरचा एखादा दिवस निवडावा, आदल्या रात्री पानिपतमध्ये मुक्काम करावा आणि उजाडताच शेताच्या बांधावर पोचावे.